मडमेला कोंबडा नको

भुतं दिसलेल्या माणसांची मला पहिल्यापासून कीव येते. राग नाही, कीव. या सदरातले अनुभव मी सगळे वाचलेत. नातीने मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिलीत, त्यामुळे एकही सुटत नाही. माझं निदान असं की निम्म्या लोकांना पित्त झालेलं असतं आणि उरलेल्यांच्या माळ्यावर मांजर व्यालेली असते. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी अशा पाड्यांवर की जिथे रात्री कंदील विझला तर सकाळपर्यंत स्वतःचा हात दिसत नाही. मला कुणी भेटलं नाही. मी भुतांना आवडत नसेन.

"मग तू कशाला लिहितेस, आजी?" असं नात विचारते.

लिहिते, कारण गेल्या महिन्यात तिनेच मला एक व्हिडिओ दाखवला. उलटी टोपी घातलेला एक तरुण भर दुपारी हातात टॉर्च घेऊन (भर दुपारी!) एका दगडी इमारतीत शिरतो आणि दबक्या आवाजात सांगतो की हे मोखाड्याचं पाचशे वर्षांपूर्वीचं झपाटलेलं कॅथेड्रल. इथे पांढऱ्या झग्यातली एक गोरी मडम फिरते. तिच्या एका पायात बूट असतो, दुसरा पाय अनवाणी. मग धडाम असं संगीत. खाली हजारो लोकांनी हात जोडलेले.

ती मडम मी तयार केलेली आहे. बूट तर खास माझा.

आता जागा नीट सांगते. मोखाड्याहून जव्हारकडे यायला लागलं की घाट सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताला एक उघडं टेकाड लागतं. त्यावर ते उभं आहे. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर टोपीवाल्यांची जीप भरून येईल. पाचशे वर्षं वगैरे काही नाही. जव्हार राजाचं आणि मोखाड्याची बाजू इंग्रजांची, अशी तेव्हाची वाटणी. जंगलातला साग तोडायला जे साहेब यायचे, त्यांना रविवारी प्रार्थनेला जागा हवी म्हणून ते बांधलं. आणि कॅथेड्रल तर मुळीच नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची गादी असते ते. आमच्याकडे बिशप सोडा, बिशपचा स्वयंपाकीसुद्धा कधी आला नसेल. दाटीवाटीने सत्तर माणसं बसतील एवढं ते चर्च.

पण बांधलेलं मात्र देखणं, हे कबूल करते. काळ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती, वर टोकाला जुळणाऱ्या कमानी, आणि छप्पर असं की खाली उभं राहून वर पाहिलं तर मोठी होडी पालथी घातल्यासारखं वाटावं. सगळ्या तुळया सागाच्या, एकेक दोन माणसांच्या कवेत न मावणारी. देवाच्या पायरीमागच्या, म्हणजे वेदीमागच्या, खिडकीत रंगीत काच होती. तिच्यातली निळी तेवढी शिल्लक. घंटेचा छोटा मनोरा होता, घंटा नव्हती. खाली काळ्या दगडाची फरशी. साहेब गेले, नंतर मुंबईच्या ट्रस्टचा एक पाद्री नाताळात यायचा, पुढे तोही यायचा बंद झाला.

राहिले ते माझे बा.

बा तिथले राखणदार. आम्ही काही ख्रिस्ती नाही. आमचा देव वाघदेव, गावाच्या शिवेवरचा. पण बांनी तीस वर्षं दर शनिवारी ते चर्च झाडलं. रविवारी कुणी येणार नाही हे माहीत असून झाडलं. मागे एक खोली होती, खोलीमागे नाचणीपुरतं हलकं वरकस रान. गावातलं घर बांनी धाकट्या भावाला देऊन टाकलेलं. आई नव्हती. बांचा एक गुडघा वाकत नसे. थोडक्यात, ते चर्च होतं म्हणून आम्हाला डोक्यावर छप्पर होतं.

आणि मी कोण होते? मी होते यमुना, वय वर्षं वीस, आश्रमशाळेतून मॅट्रिक झालेली पंचक्रोशीतली एकमेव मुलगी. हे मी दिवसातून चार वेळा कुणा ना कुणाला ऐकवायची. दोन वेण्या, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ, आणि बोलताना मध्येच 'अॅक्चुअली'. गावात देवाला नारळ फुटला की मी नाक मुरडायची. भगताकडे जाणाऱ्या बायकांना 'अडाणी' म्हणायची, तेही त्यांच्याच घरी चहा पिता पिता. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी एक ठेवून देईन, मग जेवायला वाढीन.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर ट्रस्टचं पत्र आलं. इमारत वापरात नाही, सबब छप्पराचं लाकूड आणि दगड काढून न्यायला ठेकेदार येईल. पत्र इंग्रजीत होतं, मीच वाचून दाखवलं. बा ओट्यावर बसलेले. मग म्हणाले,

"आन् आपली खोली, बाय?"

"त्यात खोलीचं नाव नाही, बा."

"नाव नाय, म्हंजे राहील का?"

त्यांना खरंच वाटलं की नाव नाही म्हणजे खोली राहील. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठवड्यात ठेकेदार आला. माणूस वाईट नव्हता. खोलीत डोकावून म्हणाला, "म्हातारबा, तुमची भिंत चर्चच्याच भिंतीला टेकलीय. ती पडली की ही राहायची नाही. महिनाभरात दुसरीकडे बघा." बांनी मान डोलावली आणि त्याला पाणी दिलं. मला इतका संताप आला की काय सांगू. ठेकेदाराचा नाही, पाण्याचा.

तर अशा वेळी मॅट्रिक झालेली विदुषी काय करते? भूत उभं करते.

मजूर आले जव्हारकडचे, जामसर आणि आजूबाजूच्या पाड्यांचे. दिवाळीनंतर ते असेच कामाला बाहेर पडतात. पंधरा-वीस माणसं, बायका-पुरुष. परांचीच्या बल्ल्या देवाच्या पायरीपुढेच उभ्या करायच्या होत्या, म्हणजे तिथून छप्पराला हात घालता येईल. त्यामुळे माझी मडम नेमकी तिथेच फिरायला हवी होती. दुपारी विहिरीवर बायका भाकऱ्या सोडून बसल्या तेव्हा मी सहज विषय काढला. झगा, बूट, अनवाणी पाय. मधल्या वाटेने येते, पायरीपुढे थांबते, खाली बघत राहते. काहीतरी शोधते. आम्हाला सवय झालीय हो, पण नव्या माणसाने जरा जपून…

बायकांनी शांतपणे ऐकलं. एकीने विचारलं, "झगा फाटका का चांगला?"

"चांगला," मी म्हटलं. आता मडमेला गरीब कशाला करा!

पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच मी पायरीपुढच्या फरशीवर चुन्याची भुकटी पसरली आणि पावलं उमटवली. उजवं कुणा साहेबाच्या मागे राहिलेल्या पेटीतल्या जुन्या बुटाचं, डावं माझ्या स्वतःच्या पायाचं. काय अक्कल! मजुरांत काशी नावाची एक म्हातारी होती. ती वाकली, तिने ते डावं पाऊल बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली,

"मडम भाताच्या बांधावर लय हिंडलेली दिसते, बाय. टाचंला भेगा हायेत."

मी लाल झाले. ती दुसरं काही बोलली नाही. हसलीसुद्धा नाही, याचा मला जास्त राग आला.

पण बाकीचे थांबले. बल्ल्या खाली ठेवल्या. मला वाटलं, जिंकले! आता संध्याकाळी ट्रक भरून परत जातील. मी वाचलेल्या गोष्टींत असंच व्हायचं. भूत दिसलं की माणसं किंचाळत पळतात, वाडा ओस पडतो, संपलं.

इथेच माझी मॅट्रिक कमी पडली. वीस वर्षं त्या मातीत वाढून मला एवढं समजलं नव्हतं की आमच्याकडे भुताला बघून कुणी पळत नाही. आमच्याकडे त्याला विचारतात, की बाबा, तुला काय हवं? भगत दाणे बघतो, ते काय मागतंय ते सांगतो, ते देतात आणि कामाला लागतात. जागेवाल्याशी बोलणं झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही, आणि झालं की मग कसली भीती नाही. म्हणजे मी मडम उभी करून बांचं घर वाचवलं नव्हतं. मी फक्त एका कोंबड्याची सोय केली होती.

मजुरांत लगेच चर्चा सुरू झाली, आणि ती ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"कोंबडा चालंल का तिला?"

"गोरी लोकं अंडी खात्यात. अंडी देऊ."

"ताडी?"

"ताडी नको. इंग्लिश मागंल ती. कुठनं आणायची?"

मुकादम म्हणाला, "धवळू भगताला बोलवा. तो सांगंल काय ते. उद्या दुपारपर्यंत मिटवू नि चढू वर."

उद्या दुपारपर्यंत! रात्री जेवताना बांनी विचारलं, "बाय, इतकी वर्षं मी झाडतो. मला कशी नाय दिसली ती?" मी भाकरीकडे बघत राहिले. भाकरी बांनीच केलेली होती.

धवळू भगत तेव्हा चाळिशी ओलांडलेला असेल. मूळचा दाभोशाकडचा, दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या पाड्यावर घरजावई म्हणून आलेला. सकाळी दहाच्या सुमारास आला, चर्चच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसला. "आत नाय येणार," म्हणाला, "ते दुसऱ्याचं देऊळ हाय." लिहिता-वाचता येत नव्हतं. सूप पुढे घेतलं, त्यात तांदूळ टाकले, चिमटीने बाजूला करत पुटपुटू लागला. मी दाराशी हाताची घडी घालून उभी. मनात एकच, म्हण कोंबडा, आणि कर मोकळं. ठेकेदारही आला होता. त्याला मजा वाटत होती.

धवळूने मान वर केली. उघड्या दारातून आत बघितलं.

"हिला कोंबडा नको," तो म्हणाला.

"मग अंडी?" मुकादम.

"काय खायला नको. हिचं नाव जमिनीत तोंड खुपसून पडलंय. तुम्ही तिच्या पाठीवरनं चालताय. तो मोठा दगड पायरीच्या म्होरला, उजव्या हाताचा. तो उलटा करा. नाव वर येऊ द्या. तवर छपराला हात लावायचा नाय."

तो दगड म्हणजे त्या फरशीतला सगळ्यात मोठा. सहा फूट लांब तरी असेल. कुणी पुढे होईना. मग ठेकेदारच हसून म्हणाला, "अरे उलटा ना! नाहीतरी दगड काढायचेच आहेत. श्रीगणेशा यानेच करा."

चार पहारी लागल्या, सहा माणसं. दगड कडेवर उभा राहिला तेव्हा खालची बाजू आधी ठेकेदाराला दिसली. तो हसायचा थांबला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण इंग्रजी मला येतं असं मीच सांगत फिरत होते ना!

खालच्या बाजूला अक्षरं कोरलेली होती. मातीने भरलेली. मी पदराने पुसत गेले आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. हॅना नावाच्या बाईच्या स्मरणार्थ. कुणा सर्वेअरची बायको. तापाने गेली. वय एकवीस. खाली बायबलातली एक ओळ असावी, तिचा निम्मा भाग छिनलेला होता. माझा एकविसावा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता, हे तेव्हा आठवायची काही गरज नव्हती, पण आठवलं. बा दारात उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

पुढचं सगळं भराभर झालं. ठेकेदार भुताला भ्यायला नव्हता, तो कायद्याला भ्याला. खाली थडगं असेल तर तहसीलदार, पोलिस, ट्रस्ट, कोण जाणे काय काय. त्याने त्याच दिवशी बल्ल्या उचलल्या. ट्रस्टकडून एक पाद्री आले, दगड बघितला, खालची जमीन उकरू नका म्हणाले. जुन्या दप्तरात त्या नावाचं कुणी सापडलं नाही, असं पुढे त्यांनी कळवलं. दगड उलटा का बसवला, कुणी बसवला, तेही नाही. पण दफनाची जागा असू शकते म्हणून इमारतीला हात लावायचा नाही असं ठरलं. बा त्याच खोलीत राहिले. त्याच खोलीत, आणखी एकोणीस वर्षांनी, शनिवारचं झाडून आल्यावर गेले.

आता तुम्ही म्हणाल, त्यात न उलगडण्यासारखं काय? मीही तेच म्हणत आले. धवळूला माहीत होतं! त्याच्या कुणा आज्या-पणज्याने फरशी बसवली असेल. पण त्याची माणसं दाभोशाची, इकडे कामाला कधी आलेली नाहीत. मी चौकशी केली. बांनी सांगितलं असेल? बांना विचारलं. त्यांनी वाघदेवाची शपथ घेतली, आणि बांना खोटं बोलता येत नव्हतं, ते खातं माझ्याकडे होतं. मग मी मनाशी ठरवून टाकलं की भगत लबाड, त्याने कुठून तरी माहिती काढली आणि दाण्यांचं नाटक केलं. पंचेचाळीस वर्षं मी त्या समजुतीवर सुखात झोपले. शाळेत पोरांना गोष्ट सांगायची तीही अशीच. बघा, भगत कसे माहिती काढतात!

तो टोपीवाल्याचा व्हिडिओ बघितला आणि वाटलं, धवळू अजून आहे, एकदा विचारून टाकू. नातीच्या स्कूटीवर मागे बसून गेले. नव्वदीला टेकलाय. अंगणात उन्हाला बसला होता, कान शाबूत, दात नाहीत. मला ओळखलं.

"यमे, म्हातारी झालीस की."

"आणि तू काय लग्नाचा आहेस? बाबा, मला एक खरं सांग. त्या दगडाचं तुला कुणी सांगितलं होतं?"

तो हसला. "कुणी कशाला सांगंल? काशी म्हातारीनं रातीच येऊन मला सांगितलं व्हतं का पोरगी खोटं बोलते, बापाच्या घरापायी. टाच बघितली म्हणाली. मी दाणे मोजलेच नाय, यमे. नुसते इकडचे तिकडं केले."

"मग?"

"मग काय. कोंबडा म्हटलं असतं तर दुपारी छप्पर उतरलं असतं. कुणाला देता येणार नाय असं कायतरी मागायचं व्हतं. दारातनं आत बघितलं, सगळ्यात मोठा दगड दिसला. म्हटलं हा सांगू. एवढा दगड उलटतंय कोण?"

म्हणजे काशी गप्प राहिली ती माझ्यासाठी. भगताने आपल्या दाण्यांची खोटी साक्ष काढली, तीही आमच्यासाठी. आणि मी त्या दोघांना जन्मभर अडाणी आणि लबाड म्हणत आले. नातीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"पण नाव?" मी म्हटलं. "नाव तोंड खुपसून पडलंय, असं म्हणालास. ते कुठून आणलंस?"

धवळूचं हसू गेलं.

"ते तूच पाठवलंस ना?" तो म्हणाला.

"मी?"

"तुला वाचता येत व्हतं. मला वाटलं, तुला त्या बाईचं म्हाईत असणार, म्हणून तर तू मडम काढलीस, म्हणून तर ती त्याच दगडापाशी थांबवलीस. माझ्या तोंडात ते कसं आलं मला नाय कळलं, पण मी म्हटलं, यमीला म्हाईत व्हतं ना… मंग झालं."

"बाबा, मला काहीही माहीत नव्हतं. मी परांचीपासून लोकांना लांब ठेवायला ती जागा निवडली."

त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मी खोटं बोलते का ते बघत होता. त्याला तो अधिकार होता.

मी 'योगायोग' हा शब्द खूप वापरलाय. पण तो वापरताना मी धरून चालले होते की आम्हा दोघांपैकी एकाला खरं ठाऊक आहे. त्यालाही तसंच वाटत होतं. बाई मी खोटी सांगितली, दगड त्याने खोटा सांगितला, आणि हॅना निघाली खरी. पित्त झालं होतं म्हणावं, तर दोघांना एकदम? ज्यांची मी आयुष्यभर कीव केली त्यांनी आता माझी खुशाल करावी.

निघताना धवळूने मला हाक मारली.

"यमे… तुझ्या डोक्यात ती मडम पहिल्यांदा कवा आली?"

मी आठवून पाहिलं. विहिरीवर बायका भाकऱ्या सोडत होत्या, मी तोंड उघडलं, आणि ती होती. झग्यासकट. मला शोधावीच लागली नव्हती.

हे मी त्याला सांगितलं नाही. नातीला म्हटलं, गाडी काढ.